वाटाभर करवंदं घरी आणल्यावर

एप्रिल संपत आला की ठाणे, कल्याण, बोरिवली, दादर अशा स्टेशनांबाहेर करवंदांनी भरलेल्या पाट्या दिसायला लागतात. शहापूर, कसारा, कर्जत, पालघरकडच्या कातकरी, ठाकर, वारली बायका पहाटेच्या गाडीने डोंगरची काळी मैना घेऊन येतात. पानाचा द्रोण नाहीतर वाटा, हेच त्यांचं माप. बहुतेक मुंबईकर एक द्रोण घेतात, गाडी येईपर्यंत फलाटावरच संपवतात आणि पुढच्या मे महिन्यापर्यंत करवंदांचं नाव काढत नाहीत. यंदा किलो-दोन किलो घरी नेऊन काही टिकवून ठेवावं असं ज्यांच्या मनात आहे, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिच्यावर बेतलेलं आहे. वाट्यातली सगळी करवंदं सारखी पिकलेली कधीच नसतात. काही मऊ, काळीकुळकुळीत. काही काळी पण बोटाला कडक लागणारी. काही जांभळट लाल, आणि चार-दोन चक्क हिरवी. नवखं गिऱ्हाईक लाल फळं बाजूला सारतं आणि "मावशी, काळी काळी द्या ना" म्हणतं. नुसती खायची असतील तर ठीक आहे. टिकवायची असतील तर मात्र मिसळ मालच हवा. जॅम घट्ट होतो तो लाल फळांमुळे, फ्रीझरमध्ये आकार धरून राहतात ती कडक काळी, आणि सरबताला रस सुटतो तो मऊ फळांचा. तेव्हा मावशींना निवडत बसवू नका, वाटा आहे तसा घ्या.

घेताना

सकाळी आठच्या आत जा. दुपारपर्यंत पाटीतला माल उन्हाने घामेजतो, खालची फळं वरच्यांच्या वजनाने चेपतात आणि आंबूस वास यायला लागतो. पाटीच्या तळाकडे एक नजर टाका: पानांवर जांभळा रस जमलेला असेल तर ती करवंदं आजच्या आज सरबतात गेली पाहिजेत. देठाकडे पांढरा चीक वाळलेला दिसला तर चांगलं लक्षण, फळ ताजं आहे. न्यायला कापडी पिशवी नको, पसरट डबा न्या. दोन किलो करवंदं पिशवीत घालून विरार लोकलमध्ये चढलात तर घरी पोचेपर्यंत अर्धं सरबत झालेलं असेल.

घासाघीस करावी का, हे ज्याचं त्याने ठरवावं. करवंदीच्या जाळीला जोडीजोडीने कडक काटे असतात आणि फळं एकेक करून खुडावी लागतात, एवढं फक्त ध्यानात ठेवा.

स्वतः खुडायची हौस असेल तर मुरबाड-कर्जतकडे कुणाच्या ओळखीने, जागेच्या मालकाला विचारून जा. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातही करवंदीच्या जाळ्या आहेत, पण तिथली फळं तोडून आणू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानातून असं काही काढून नेता येत नाही.

पहिली संध्याकाळ

घरी आल्यावर धुवायची घाई करू नका. ओली करवंदं मुंबईच्या मे महिन्यात एका रात्रीत बुरशी धरतात. आधी मोठ्या ताटात पसरा, काडीकचरा, पानं, मुंग्या काढा आणि तीन ढीग करा.

पहिला ढीग मऊ काळ्यांचा. दाबलं की बोटाला रस लागतो ती सगळी यात. यांना उद्यापर्यंतही धीर नसतो. खा, नाहीतर सरबताला घ्या.

दुसरा ढीग काळ्या पण कडक फळांचा. ही फ्रीझरची. आज वेळ नसेल तर न धुता, तळाला वर्तमानपत्र घातलेल्या डब्यात, झाकण किंचित उघडं ठेवून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहतात.

तिसरा ढीग लाल आणि जांभळट फळांचा. याला सगळे नाक मुरडतात आणि मला नेमका हाच सगळ्यात मोलाचा वाटतो. फळातलं पेक्टिन जॅमला घट्टपणा देतं. कच्चेपणी ते भरपूर असतं आणि फळ पिकत जातं तसं मोडत जातं. शिवाय लाल करवंद काळ्यापेक्षा आंबट, आणि पेक्टिनला धरायला आंबटपणा लागतोच. बाहेर ताटात ठेवलीत तर एक-दोन दिवसांत ही फळं काळवंडून मऊ होतील, म्हणून जॅम करायचा असेल तर तो दुसऱ्या दिवसाच्या पुढे ढकलू नका.

हिरवी निघाली तर ती वेगळ्या वाटीत. मूठभर असतील तर आमटीत, जास्त असतील तर लोणच्यात.

यातच घरातल्या पोरांचा खेळही उरकून घ्या. करवंद दातांनी अर्धं तोडायचं, आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. तोडण्याआधी ओळखायचं, चुकलं की पुढचं करवंद समोरच्याला. यातून तुमचंही काम होतं. कोंबडे जास्त निघाले तर तो वाटा सरबताला धरा, त्याला रंग आपसूक येतो.

धुणं, चीक आणि डाग

करवंद कण्हेर-सदाफुलीच्या कुळातलं आहे, आणि त्या कुळाला साजेसा पांढरा चिकट चीक त्याच्या देठातून येतो. पिकलेल्या फळात कमी, हिरव्यात भरपूर. देठ काढताना हाताला खोबरेल लावा, नाहीतर बोटं एकमेकांना चिकटतील. भांड्याला चिकटलेला चीकही आधी तेलाने पुसायचा, मग साबण.

देठ काढलेली करवंदं मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा. दोन लिटर पाण्याला दोन मोठे चमचे मीठ पुरे. चीक वर येतो, धूळ खाली बसते. पाणी ओतून देण्याऐवजी फळं हातांनी वर उचलून काढा, म्हणजे तळाची माती परत त्यांना लागणार नाही. मग साध्या पाण्यातून दोनदा. आणि मग सुती पंचावर पसरून पंख्याखाली पूर्ण कोरडी होऊ द्यायची. मुंबईच्या दमट हवेत याला तास-दीड तास लागतो, हा वेळ वाचवू नका.

कपड्यावर रस उडाला तर लगेच साबण लावू नका. करवंदाचा रंग आंबटपणात लालच राहतो आणि साबणाच्या पाण्यात निळा-करडा होऊन बसतो. मोरीत पातेलं घासताना ही गंमत नीट दिसते: लालभडक पाण्यात साबणाचा फेस पडला की कडेने निळी रेघ फुटते. डागावर आधी लिंबू चोळा, गार पाण्याने धुवा, साबण त्यानंतर.

फ्रीझर: सगळ्यात सोपं, म्हणून आधी हेच करा

पहिल्यांदाच करत असाल तर पहिला किलो फ्रीझरलाच द्या. आच नाही, साखर नाही, बिघडायला फारसं काही नाही.

फ्रीझरमध्ये मावेल असं स्टीलचं ताट घ्या. त्यात दुसऱ्या ढिगातली कोरडी करवंदं एका थरात, एकमेकांना न टेकता पसरा. तीन-चार तासांत ती गोट्यांसारखी खडखडीत होतात. मग पिशवीत भरा, हवा दाबून काढा, तारीख लिहा. थेट पिशवीत भरलीत तर सगळ्यांचा मिळून एक दगड होतो आणि वाटीभर हवी असली तरी अख्खा दगड वितळवावा लागतो.

पिशवी दुहेरी घ्या. आपल्याकडच्या फ्रीझरमध्ये एका कोपऱ्यात सुरमई किंवा बोंबील असतातच आणि करवंदं वास पटकन ओढतात. वेगळ्या दाराचा, उणे १८ अंशांपर्यंत जाणारा फ्रीझर असेल तर आठ-दहा महिने निघतात. एकदारी फ्रिजमधल्या छोट्या कप्प्यात तेवढी थंडी नसते, तिथली दोन-तीन महिन्यांत संपवा.

गोठवलेलं करवंद वितळल्यावर मऊ पडतं, पुन्हा ताज्यासारखं होत नाही. त्यामुळे खायला देताना अर्धवट वितळलेलंच द्या, वर मीठ-तिखट भुरभुरून. शिजवायचं असेल तर वितळवायचीही गरज नाही, थेट पातेल्यात.

जॅम

इथे जरा थांबून वाचा. पातेलं स्टीलचं आणि पसरट हवं. ॲल्युमिनियम किंवा लोखंडी कढई नको: करवंदाचा आंबटपणा धातू खातो, रंग काळपट होतो आणि चवीला लोखंड लागतं. एका वेळी किलोभराच्या वर फळ घेऊ नका. मोठं घाणं आटायला वेळ लागतो, आणि जास्त वेळ उकळलं की पेक्टिन तुटतं, रंग विटतो. दोन किलो असतील तर दोनदा करा.

प्रमाण असं: एक किलो करवंदं, त्यात साधारण एक चतुर्थांश लाल, बाकी काळी. ती एक कप पाण्याबरोबर झाकण ठेवून मंद आचेवर शिजवा. पंधरा मिनिटांत सालं फुटतात. डावेने हलकेच ठेचा. साखर अजून घालायची नाही. साखरेच्या पाकात साल मऊ व्हायचं थांबतं.

आता बिया. एका करवंदात चार-पाच चपट्या बिया असू शकतात, आणि त्या काढणं हेच या सगळ्यातलं कंटाळवाणं काम. मिक्सरचा मोह टाळा. बिया फुटल्या की कडवटपणा गरात उतरतो. त्यापेक्षा पुरणयंत्र काढा. होळीनंतर माळ्यावर गेलेलं ते यंत्र इथे सोन्यासारखं काम करतं. बारीक जाळी लावा, कोमट गर घाला, फिरवा. गर खाली, बिया आणि सालं वर. पुरणयंत्र नसेल तर पुरणाच्या चाळणीतून वाटीच्या बुडाने दाबून काढा. चोथा फेकू नका, त्याचं पुढे सांगते.

पाऊण किलोच्या आसपास गर मिळतो. त्यातला ७०० ग्रॅम घ्या, त्याला ६०० ग्रॅम साखर. ऐकायला जास्त वाटते, पण करवंद तेवढं आंबट आहे आणि टिकण्याचं कामही साखरच करते. ती मोकळं पाणी धरून ठेवते, म्हणून बुरशीला वाढायला पाणी उरत नाही. साखर निम्मी केलीत तर जॅम चांगलाच लागेल, पण तो फ्रिजमध्ये ठेवून तीन आठवड्यांत संपवायचा, कपाटात ठेवायचा नाही. गुळाचाही होतो, मात्र रंग तपकिरी येतो आणि चव करवंदापेक्षा गुळाचीच जास्त लागते. मला तो पोळीबरोबर आवडतो, पण त्याला जॅम म्हणवत नाही. लिंबू अजिबात लागत नाही.

रिकामं पातेलं आधी वजनकाट्यावर ठेवून वजन लिहून ठेवा. गर आणि साखर मिळून १३०० ग्रॅम. आधी मंद आचेवर साखर पूर्ण विरघळवा, मग आच मोठी करा. वर येणारा फेस काढत राहा. हळूहळू बुडबुड्यांचा आवाज बदलतो. सुरुवातीला ते बारीक आणि चटचट फुटणारे असतात, नंतर मोठे, जड होतात, चिखलातून निघाल्यासारखे एकेक करून फुटतात. इथून पुढे पातेल्याजवळून हलू नका, आणि हातावर उडणार नाही असं लांब दांड्याचं उलथनं घ्या.

झालं का, हे ओळखायच्या तीन खुणा आहेत. पहिली वजनाची: पातेल्याचं वजन वजा करून आतला ऐवज एक किलोवर आला की आच बंद. दुसरी थर्मामीटरची: १०४ ते १०५ अंश सेल्सिअस. हा आकडा समुद्रसपाटीचा, म्हणजे मुंबईला चालणारा. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर उंचीवर आहे, तिथे पाणीच ९५-९६ अंशांना उकळतं, त्यामुळे तिकडे जॅम करणाऱ्या कुणी कमी आकडा सांगितला तर तो त्यांच्यासाठी बरोबर आणि तुमच्यासाठी चुकीचा. तिसरी, आणि काहीही उपकरण न लागणारी: स्टीलची वाटी फ्रीझरमध्ये गार करून ठेवा, तिच्यावर थेंबभर जॅम टाका, मिनिटभर परत आत. बोटाने सरकवल्यावर वर सुरकुती पडली की झाला. वाटी बघायला नेताना पातेलं गॅसवरून उतरवून ठेवायचं, नाहीतर परीक्षा होईपर्यंत जॅम जास्त आटतो.

पातेल्यात असताना तो पातळच दिसणार. गार झाल्यावर घट्ट होतो. घाबरून आणखी पाच मिनिटं आटवलात तर दुसऱ्या दिवशी चमचा वाकेल.

बाटल्या

हे काम जॅम गॅसवर चढवायच्या आधी सुरू करायचं. काचेच्या बाटल्या आणि झाकणं धुऊन मोठ्या पातेल्यात बुडवा. तळाला जाड फडकं घाला, नाहीतर उकळताना काच आपटून तडकते. उकळी आल्यापासून दहा मिनिटं. बाहेर काढून स्वच्छ फडक्यावर उपड्या ठेवा.

जॅम गरम असतानाच गरम बाटलीत भरा, वर अर्धा-पाऊण सेंटिमीटर जागा सोडा, कड पुसा, झाकण लावा. गार बाटलीत कढत जॅम ओतलात तर बाटली गेली. झाकण आतून लेप असलेलं हवं, उघड्या पत्र्याला करवंदाचा आंबटपणा खातो आणि गंज येतो.

कपाटात ठेवायचा असेल तर भरलेल्या बाटल्या पुन्हा गरम पाण्यात, झाकणावर दोन सेंटिमीटर पाणी राहील अशा बुडवून, दहा मिनिटं उकळा. गार होताना झाकण मध्ये किंचित आत ओढलं जातं. बोटाने दाबून वरखाली होत असेल तर ती बाटली बंद झालेली नाही, फ्रिजमध्ये ठेवून आधी वापरा. पावसाळ्यात आपल्या घरांत भिंतींना, चपलांना, पापडांना बुरशी येते. उघडलेली बाटली मग कुठलीही असो, फ्रिजमध्ये. चमचा कोरडा. आणि वर बुरशीचा ठिपका दिसला तर तेवढा काढून खाली चांगला आहे असं समजू नका, अख्खी बाटली टाका. बुरशी वरून दिसते त्याहून खोल गेलेली असते.

सरबत

पहिला ढीग आठवतो ना, मऊ काळ्यांचा? पहिल्या संध्याकाळीच हे करून टाका. करवंदं बुडतील इतक्याच पाण्यात दहा मिनिटं शिजवा, ठेचा, मलमलच्या फडक्यातून गाळा. पिळू नका, टांगून ठेवा. पिळलं की गर येतो आणि सरबत गढूळ होतं.

एक कप रसाला दोन कप साखर. रस गरम करून साखर विरघळवा, एक उकळी आली की बस. जास्त उकळलं तर आपण नकळत जेली करून ठेवतो, कारण पेक्टिन याही रसात आहे. गार करून बाटलीत भरा. फ्रिजमध्ये दोन-तीन महिने राहतं. पेल्यात एक भाग सरबत, चार भाग गार पाणी, चिमूटभर सैंधव, भाजलेल्या जिऱ्याची पूड.

फ्रिजमध्ये जागाच नसेल तर सरबत टिकवणारी पूड (प्रिझर्व्हेटिव्ह) घालतात. तिथे एक खबरदारी. आंब्या-लिंबाच्या सरबतात पोटॅशियम मेटाबायसल्फाईट चालतं, करवंदात नाही: ते रंग उडवतं. सोडियम बेन्झोएट घ्या, एक किलो तयार सरबताला अर्धा ग्रॅम. अर्धा ग्रॅम घरच्या काट्यावर मोजता येत नाही, म्हणून पाच ग्रॅम पूड १०० मिलिलिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवा आणि त्यातलं १० मिलिलिटर सरबतात घाला. उरलेलं फेकून द्या. बाटलीतून बुडबुडे येऊ लागले किंवा उघडताना फस्स झालं तर ते आंबलं आहे, पिऊ नका.

बर्फाच्या ट्रेमध्ये नुसता बिनसाखरेचा रस गोठवून ठेवणं हा माझा आवडता मार्ग. आमटीला, चटणीला, सरबताला लागेल तसा एकेक चौकोन काढायचा.

हिरव्या करवंदांचं लोणचं

यासाठी वेगळी हिरवी करवंदं हवीत आणि ती एप्रिलमध्ये मिळतात, मेच्या मध्यानंतर शोधावी लागतात. अर्धा किलो घ्या. हाताला आणि विळीला तेल लावून प्रत्येकाचे दोन भाग करा, बी कडक झाली असेल तर टोकाने उडवा. कोवळी असेल तर राहू द्या. मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवून चीक जाऊ द्या, पुसून कोरडी करा. ७५ ग्रॅम मीठ आणि चमचाभर हळद चोळून चार-पाच तास ठेवा, सुटलेलं पाणी काढून टाका. मग ५० ग्रॅम मोहरीची डाळ, तीन मोठे चमचे तिखट, तळून कुटलेली मेथी आणि हिंग एकेक चमचा. वाटीभर तेल धूर येईपर्यंत तापवून मोहरीची फोडणी करा, पूर्ण गार होऊ द्या आणि ओता. चिनी मातीच्या बरणीत भरून आठ-दहा दिवस मुरू द्या, रोज एकदा हलवा. फोडी तेलाखाली बुडालेल्या राहिल्या पाहिजेत. नसतील तर आणखी तेल गरम करून, गार करून घाला.

वाळवायची म्हणाल तर मुंबईत त्या भानगडीत पडू नका. मेमध्ये ऊन कडक असलं तरी हवा ओली असते, साल जाड असतं, आणि अर्धवट वाळलेलं करवंद जूनमध्ये पुन्हा ओलावा धरतं. देशावर कुणी नातेवाईक असतील तर त्यांच्या गच्चीवर.

वापरायचं कशात

दुधात शिजवू नका, फाटेल. चक्क्यात मात्र सुरेख मिसळतं: अर्धा किलो चक्का, चार चमचे जॅम, साखर बेताची, आणि गुलाबी श्रीखंड तयार. जॅम आणि हिरवी मिरची, लसूण, मीठ एकत्र वाटलं की भजीबरोबरची आंबट-गोड चटणी होते. हिरवी किंवा लाल करवंदं तुरीच्या आमटीत आमसुलाच्या जागी, फोडणीत टाकायची आणि गूळ नेहमीपेक्षा किंचित जास्त. मासे करणाऱ्यांनी बांगड्याच्या तिखल्यात दोन चौकोन रस घालून बघावा.

आणि तो पुरणयंत्रातला चोथा: त्यात दोन कप पाणी घालून उकळा, गाळा, मीठ-गूळ-जिरं घालून गार करा. त्याच दिवशीचं पेय होतं, टिकत नाही.

जाता जाता, केकवरच्या आणि मसाला पानातल्या लालभडक "चेरी" बहुतेकदा चेरी नसतातच. ती बिया काढून, पाकात मुरवून रंगवलेली करवंदं असतात. घरी तो उद्योग करण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

पाऊस, आणि नंतरची फळं

मुंबईत पाऊस येण्याची सरासरी तारीख ११ जून, पण तिच्यावर विसंबू नका. २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच दाखल झाला आणि करवंदांचा हंगाम तिथेच आटोपला. पावसानंतरच्या फळात पाणी भरतं आणि अळ्या होतात. अशी आणलीत तर प्रत्येक करवंद उघडून बघायचं आणि फक्त सरबत करायचं. तेव्हा जॅमचं काम मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत उरका.

जांभळांनाही हीच पद्धत लागू पडते, फक्त ढीग दोनच, कारण कच्चं जांभूळ कशाच्याच कामाचं नाही. पालघरकडच्या बहाडोली गावची मोठी, गराळ जांभळं मिळाली तर तीच घ्या. चाळणीवर हाताने चोळून बी सोडवा, गर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. जॅम करायचा झाला तर अर्धा किलो गराला एका लिंबाचा रस घाला.

क्रॉफर्ड मार्केटमध्ये आणि मोठ्या दुकानांत प्लास्टिकच्या डबीत मिळणारी ब्लॅकबेरी नाजूक असते, तिला चीक नाही, आणि काढल्यानंतर ती आणखी पिकत नाही. डबीतली लाल निघाली तर लालच राहणार. मिठाच्या पाण्यात ठेवू नका, वापरायच्या क्षणी वाहत्या पाण्याखाली धरा आणि लगेच पंचावर. गोठवायची रीत तीच, ताटात एका थरात. महाग असल्याने जॅम करावासा वाटणार नाही, पण दोन डब्या मऊ पडल्याच तर त्यांच्या निम्म्या वजनाचा लाल करवंदांचा गर त्यात मिसळा आणि साखर एकूण गराच्या पाऊणपट घ्या. पिकल्या ब्लॅकबेरीत पेक्टिन कमी असतं, ते करवंदाकडून मिळतं. बिया बारीक असतात, काढायची गरज नाही.